पट आणि प्रश्न : चोविसाव्या चालीवर मागितलेली बरोबरी

या वेळच्या टपालातून चार पत्रं निवडली आहेत. चारही पत्रं बुद्धिबळाच्या अशा डावांबद्दल आहेत, जिथे दोन खेळाडूंच्या रेटिंगमध्ये, म्हणजे ताकद दाखवणाऱ्या आकड्यांमध्ये, बरंच अंतर होतं आणि बरोबरी झाली, किंवा व्हायला हवी होती. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे. ते वाचताना मला माझाच एक जुना डाव आठवला. घरांची नावं नेहमीचीच : ए ते एच या उभ्या पट्ट्या, १ ते ८ या आडव्या रांगा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा आहे, नोकरी सांभाळून स्पर्धा खेळतो. माझं फिडेचं (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग १६१२. स्विस पद्धतीच्या एका खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत माझी गाठ १९६७ रेटिंगच्या खेळाडूशी पडली. काळी मोहरी माझी. २४ व्या चालीपर्यंत माझ्याकडे बी पट्टीवरचं एक प्यादं जास्त होतं आणि माझा घोडा डी५ वर, त्याच्या डी४ वरच्या एकट्या प्याद्यासमोर पक्का बसला होता. तरी मी बरोबरी मागितली. त्याने १४ मिनिटं विचार केला आणि काही न बोलता हत्ती हलवला. २९ व्या चालीला मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने मान हलवली. मग मी मोहरी कमी करायला घेतली, म्हणजे डाव आपोआप बरोबरीकडे जाईल असं वाटलं. झालं उलटं. ३८ व्या चालीत जास्तीचं प्यादं गेलं, ४६ व्या चालीत आणखी एक गेलं. ६१ व्या चालीनंतर त्याच्याकडे राजा, हत्ती आणि डी५ वरचं प्यादं. माझ्याकडे नुसता राजा आणि हत्ती. ७१ व्या चालीला मी तीनदा तीच स्थिती आली म्हणून बरोबरीचा दावा केला. पंचांनी तो फेटाळला आणि त्याला दोन मिनिटं वाढवून दिली! शेवटी ८८ व्या चालीवर त्यानेच हात पुढे केला. क्लबमधले मित्र म्हणतात, ‘त्याने तुला सोडलं.’ मला तीन गोष्टी सांगा. मी बरोबरी मागितली ते चुकलं का? माझा दावा का फेटाळला? आणि हा अर्धा गुण माझा आहे की त्याने दिलेला? स्कोअरशीट (चालींच्या नोंदीचा कागद) सोबत जोडली आहे.

उत्तर : तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतो आहे असं दिसतं. अर्धा गुण तुमचा आहे. तुमची स्कोअरशीट मी दोन संध्याकाळी पटावर मांडून पाहिली. ज्याला सोडून द्यायचं असतं, तो ६१ व्या चालीला हात पुढे करतो. तुमच्या प्रतिस्पर्ध्याने त्यानंतर आणखी २७ चाली काढल्या. राजा सहाव्या रांगेत घुसवायची वाट तो शोधत राहिला, हत्तीने तुम्हाला चकवायचा प्रयत्न केला, आणि काहीच जमेना तेव्हा ८४ व्या चालीत प्यादं डी६ वर ढकललं. त्या क्षणी तुमच्या हातून एक चुकीची चाल झाली असती तर डाव तिथेच संपला असता.

वाचकांसाठी ती स्थिती सांगते, पट घेऊन मांडा. पांढरा राजा ई५, हत्ती एच७, प्यादं डी५. काळा राजा डी८, हत्ती ए६. एका प्याद्याने मागे असलेला काळा इथे बरोबरी राखतो, पण त्यासाठी एक गोष्ट माहीत असावी लागते. काळ्याचा हत्ती सहाव्या रांगेतच राहायला हवा. तो तिथे आहे तोवर पांढऱ्या राजाला ई६ वर पाऊल ठेवता येत नाही. काळा हत्ती ए६ वरून बी६ वर, बी६ वरून ए६ वर, असा नुसता येरझारा घालतो आणि पांढऱ्याला काही करता येत नाही. मग पांढरा कंटाळून प्यादं डी६ वर ढकलतो. त्याच चालीला काळ्याने सहावी रांग सोडून हत्ती थेट खाली, ए१ वर न्यायचा. आता राजा ई६ वर येऊन हत्ती एच८ वर आणून मात करण्याची धमकी देतो, पण त्याच्यापुढे लपायला स्वतःचं प्यादं उरलेलं नसतं. मागून शह बसत राहतात : ई१ वरून शह, राजा डी५ वर, डी१ वरून शह, राजा सी५ वर, सी१ वरून शह. प्यादं सोडून राजा लांब गेला की प्यादं जातं.

या बचावाला फिलिडोरचं नाव आहे. फिलिडोर हा १८ व्या शतकातला फ्रेंच संगीतकार आणि त्या काळातला नावाजलेला बुद्धिबळपटू. अडीचशे वर्षांपूर्वी त्याने दाखवलेली वाट तुम्ही घड्याळात तीस-चाळीस सेकंद उरलेले असताना, साडेतीनशेने वरचढ माणसासमोर, एकही पाऊल न चुकता चाललात. ८४ व्या चालीसमोर तुमच्या स्कोअरशीटवर ‘हत्ती ए१’ हे अक्षर बाकीच्यांपेक्षा ठळक आणि सावकाश लिहिलेलं आहे. ते पाहून मला फार बरं वाटलं. तुम्हाला ते आठवत होतं. कुठेतरी, कधीतरी तुम्ही हे बसून शिकला होता. क्लबमधल्या मित्रांना ती स्थिती मांडून द्या आणि काळ्याकडून खेळायला सांगा.

आता पहिला प्रश्न, आणि इथे मला थोडं कडक बोलावं लागेल. २४ व्या चालीला तुम्ही बरोबरी मागायला नको होती.

त्या वेळी पटावर काय होतं ते पुन्हा पाहू. तुमच्याकडे प्यादं जास्त. त्याचं डी४ वरचं प्यादं पुढे जाऊ शकत नाही, कारण समोर तुमचा घोडा, आणि त्या घोड्याला हुसकायला त्याच्याकडे दुसरं प्यादं नाही. त्याचा उंट ई३ वर, डी४ आणि एफ४ वरच्या आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेला. त्याने हल्ल्यासाठी दिलेल्या प्याद्याचा हल्ला केव्हाच विझलेला. अशी स्थिती कोणत्याही दोन अनोळखी खेळाडूंची म्हणून मला दाखवली असती, तर मी म्हटलं असतं की काळ्याने निवांत खेळावं, घाई पांढऱ्याला आहे. तुम्ही बरोबरी मागितलीत, कारण समोरच्या पाटीवर १९६७ लिहिलं होतं.

त्याने १४ मिनिटं का घेतली, असं तुम्हाला वाटतं? माझा अंदाज सांगते. तो आपल्या स्थितीचा विचार करत होता आणि ती त्याला आवडत नव्हती. पण तुमच्या प्रस्तावातून त्याला एक माहिती फुकट मिळाली : समोरचा माणूस आपल्याला घाबरतो आहे. तेवढ्यावर त्याने पुढे खेळायचं ठरवलं असावं. आणि तुम्ही? नकार आल्यावर तुमच्या चाली बदलल्या. स्कोअरशीटवर चालींसमोर तुम्ही वेळ टिपला आहे म्हणून हे दिसतं. १ ते २४ पर्यंत तुम्ही एकेका चालीला तीन-चार मिनिटं देत होता. २५ ते ३५ पर्यंत मिनिटभरसुद्धा नाही.

३१ व्या चालीला तुम्ही डी५ वरच्या घोड्याने ई३ वरचा उंट मारलात. पटावरचं तुमचं सगळ्यात चांगलं मोहरं देऊन त्याचं सगळ्यात निकामी मोहरं घेतलंत. दोनच चालींनी, ३३ व्या चालीला, ते अडकलेलं प्यादं डी५ वर आलं. नंतर ६१ पासून ८८ पर्यंत ज्याने तुमचा घाम काढला, ते हेच प्यादं. मोहरी कमी केली की बरोबरी जवळ येते, ही समजूत खालच्या रेटिंगच्या खेळाडूंमध्ये फार पसरलेली आहे आणि तिच्यापायी मी शेकडो डाव हरलेले पाहिले आहेत. मोहरी बदलताना दर वेळी एकच विचारायचं असतं, काय गेलं आणि काय उरलं. वरचढ खेळाडूला तर अंत्यखेळच हवा असतो. तिथे हल्ल्याचा धोका संपतो आणि ज्ञानाचा फरक उघडा पडतो. तुमच्याजवळ नेमक्या त्या अंत्यखेळाचं ज्ञान होतं म्हणून तुम्ही वाचलात.

इथे तो जुना डाव सांगते. मी बावीस वर्षांची होते. समोर माझ्यापेक्षा खूप वरचे, वयानेही मोठे खेळाडू होते. विसाव्या चालीच्या सुमारास माझी स्थिती चांगली झाली होती आणि मला ते कळतही होतं. पण पोटात गोळा आला होता. आता चूक होईल आणि हातातलं जाईल, एवढंच डोक्यात. मी बरोबरी मागितली. त्यांनी लगेच हात पुढे केला. सह्या झाल्या. मग त्यांनी मोहरी परत त्याच स्थितीत लावली, माझा हत्ती उचलून डी७ वर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सातव्या रांगेत माझा हत्ती, वजीर मागून येणार, आणि त्यांच्या राजाला हलायला जागा नाही. ती चाल मी पाहिलेली होती! पाहूनही केली नव्हती. त्या संध्याकाळी सगळे मला शाबासकी देत होते आणि मला कुणाच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘तरी मी बरोबरी मागितली’ हे वाक्य मी तीनदा वाचलं.

प्रस्ताव देण्याच्या पद्धतीबद्दलही थोडं, कारण तुमच्या पत्रात पुढे उल्लेख आहे की तुम्ही त्याचं घड्याळ चालू असताना विचारलंत. रीत अशी आहे : आधी पटावर आपली चाल करायची, मग ‘बरोबरी?’ असं विचारायचं, मग घड्याळ दाबायचं, आणि स्कोअरशीटवर त्या चालीपुढे कंसात बरोबरचं चिन्ह काढायचं. समोरचा विचार करत असताना विचारलेला प्रस्तावही ग्राह्य धरतात, पण तो त्रास देणं ठरू शकतो. एकदा दिलेला प्रस्ताव मागे घेता येत नाही. समोरच्याने तोंडी नकार दिला किंवा चालीसाठी मोहऱ्याला हात लावला, की तो संपतो. त्यामुळे ती १४ मिनिटं त्याच्या हक्काची होती आणि न बोलता हत्ती हलवणं हा रीतसर नकार होता. पाच चालींनी पुन्हा विचारणं मात्र टाळा. स्थिती बदललेली नसताना वारंवार विचारलं, तर प्रतिस्पर्धी पंचांकडे तक्रार करू शकतो.

राहिला फेटाळलेला दावा. पंच बरोबर होते. गेली २१ वर्षं मीही पंचाच्या खुर्चीत बसते आहे आणि ही चूक दर मोसमात पाहते. ‘तीच स्थिती’ याचा अर्थ सगळी मोहरी त्याच घरांत, शक्य असलेल्या चाली त्याच, आणि चाल करण्याची पाळीही त्याच खेळाडूची. पांढरा हत्ती एच७ वर आणि तुमचा ए६ वर, हे चित्र तीनदा आलं हे खरं. पण मधल्या एका फेरीत त्याचा हत्ती एच७ वरून जी७, तिथून एफ७ आणि मग परत एच७ असा तीन चालींत फिरला. तुमचा ए६, बी६, ए६ असा दोनच चालींत. त्यामुळे एकदा ते चित्र तुमची पाळी असताना आलं आणि दोनदा त्याची पाळी असताना. तीनदा नाही झालं. त्याने हे मुद्दाम केलं असावं, वरचे खेळाडू करतात.

दावा चुकीचा ठरला की प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात, हा नियमच आहे. त्यात अपमान काही नाही. पुढच्या वेळी असं करा : ज्या चालीने तिसऱ्यांदा स्थिती येणार आहे ती चाल पटावर करू नका. स्कोअरशीटवर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा आणि ‘ही चाल करणार आहे, तिने तिसऱ्यांदा स्थिती येते’ असं सांगा. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता हक्क गेला. स्थिती सलग यायला हवी असं नाही, मध्ये वीस चाली गेल्या तरी चालतं. आणि तुम्ही दावा केला नाहीत तरी, तीच स्थिती पाचव्यांदा आली की पंच स्वतः डाव बरोबरीत थांबवतात. प्यादं न हलता आणि काही न मारता दोघांच्या ५० चाली झाल्या तर दावा करता येतो. ७५ झाल्या तर तिथेही पंच थांबवतात.

रेटिंगचा हिशेब तुम्ही विचारला नाहीत, पण विचारणार होता हे मला ठाऊक आहे. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी मांडलेली ही पद्धत फिडेने १९७० मध्ये स्वीकारली. तिच्या तक्त्यात ३५५ च्या फरकाला वरच्याची अपेक्षा ०.८९ आणि खालच्याची ०.११ दिलेली आहे. म्हणजे असे दहा डाव झाले तर तुमच्या वाट्याला साधारण एक गुण यावा. तो एका विजयाने येईल किंवा दोन बरोबऱ्यांनी. तक्ता ते सांगत नाही. तुमच्या डावात ०.५ मिळाला, अपेक्षेपेक्षा ०.३९ जास्त. तुमचा गुणक, म्हणजे या फरकाला ज्याने गुणायचं तो आकडा, २०; म्हणून ७.८ ची भर. तेवढेच त्याचे कमी झाले. जिंकला असता तर १७.८ मिळाले असते. हरला असता तर फक्त २.२ गेले असते. हे आकडे २४ व्या चालीसमोर ठेवून पाहा. पुढे खेळण्यात तुमचं जायचं होतं काय?

प्रश्न : माझं रेटिंग २०४०, प्रतिस्पर्ध्याचं १६९०. शेवटी माझ्याकडे राजा आणि हत्ती, त्याच्याकडे राजा आणि घोडा. त्याने बरोबरी मागितली, मी नाकारली. चालीमागे वेळ वाढत नव्हता. माझा फ्लॅग पडला, म्हणजे घड्याळातली वेळ संपली, आणि पंचांनी त्याला पूर्ण गुण दिला. नुसत्या घोड्याने मात होतच नाही, मग निदान बरोबरी नको का?

उत्तर : तुमचं दुःख समजतं, पण निर्णय योग्य आहे. वेळ संपल्यावर पाहायचं एवढंच असतं की प्रतिस्पर्ध्याला कायदेशीर चालींच्या कोणत्याही क्रमाने मात करता येईल का. तुम्ही कितीही वाईट खेळलात तरी मात होणार नसेल तरच बरोबरी. तुमच्या बाबतीत मात शक्य होती. तुमचा राजा ए८ वर, तुमचाच हत्ती बी८ वर. त्याचा राजा ए६ वर, घोडा सी७ वर. शह बसला; ए७ आणि बी७ त्याच्या राजाने धरले आहेत, बी८ तुमच्या हत्तीने अडवलं आहे. मात. असं कुणी खेळणार नाही, पण नियम शक्यता पाहतो. गंमत म्हणजे तुमच्याकडे हत्तीऐवजी वजीर असता तर बरोबरी मिळाली असती, कारण वजीर कोपऱ्यात राजाशेजारी असला तर शह देणाऱ्या घोड्याला मारूनच टाकतो.

हत्ती विरुद्ध घोडा, प्यादी नाहीत, घोडा आपल्या राजाजवळ : ही सर्वसाधारणपणे बरोबरीची स्थिती आहे. घोडा राजापासून तुटला तर जिंकता येतं, म्हणून थोडा प्रयत्न करणं रास्त होतं. पण घड्याळात अर्धं मिनिट उरल्यावर? तुमच्या पत्रात ‘१६९० वाला कधीतरी चुकणारच’ असं वाक्य आहे. तो चुकला नाही. घोडा राजाला चिकटवून बसला आणि तुमच्या घड्याळाकडे पाहत राहिला. त्या स्थितीत त्याला तेवढंच यायला हवं होतं आणि ते त्याला येत होतं.

अशा वेळी एक उपाय हाताशी ठेवा. सेकंद संपत आले की हत्तीने घोडा मारा, त्यामागे राजाचा आधार असला तरी. घोडा पटावरून उतरला त्या क्षणी समोर एकटा राजा उरतो, आणि एकट्या राजाला मात करता येत नाही. त्यानंतर फ्लॅग पडला तरी तुमचा अर्धा गुण कुणी काढून घेऊ शकत नाही. मनाला लागतं, मान्य आहे. साडेतीनशेने खालच्या खेळाडूसमोर आपण होऊन हत्ती द्यायचा! पण तुम्ही शून्य घेऊन घरी गेलात, आणि पत्र लिहिण्याइतकं ते तुमच्या मनात राहिलं.

प्रश्न : बरोबरी झाल्यावर आम्ही दोघे हात मिळवून उठलो. स्कोअरशीटवर माझी सही राहिली. निकाल बदलू शकतो का?

उत्तर : दोघांनी तोंडी मान्य केलं की डाव तिथे संपतो. पण दोन्ही कागदांवर अर्धा-अर्धा लिहून दोघांनी सह्या करणं हे तुमचं काम आहे, आणि पुढची जोडी चुकीच्या निकालावर लागली तर निस्तरताना सगळ्यांचेच हाल होतात. खुर्चीतून उठण्याआधी सही.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची, रेटिंग १५३०. शेवटच्या फेरीत १८९० रेटिंगच्या मोठ्या माणसाशी तिचा डाव होता. १६ व्या चालीला तिचा राजा किल्लेकोट करून सुरक्षित, दोन्ही उंट शिल्लक; त्याचा राजा अजून मध्येच. त्याने बरोबरी विचारली आणि तिने लगेच मान्य केली. आम्ही खूश झालो, तिचे प्रशिक्षक मात्र नाराज झाले. पुढच्या वेळी तिला ‘घेऊ नकोस’ असं सांगू का?

उत्तर : तसं सांगू नका. ‘घे’ असंही सांगू नका. डाव चालू असताना तर खुणेनेसुद्धा नाही, त्याला नियमाचीच बंदी आहे. आधी तिला विचारा की प्रस्ताव आला तेव्हा तिला पटावर काय दिसत होतं. रागावून नाही, पट मांडून, शेजारी बसून.

मला एक शंका आहे. अकरा वर्षांच्या मुलीला मोठा माणूस हसून काही विचारतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणं उद्धटपणा वाटतो. अशा मुली मी खूप पाहिल्या आहेत. तिला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं की प्रस्ताव नाकारण्यात कुणाचा अनादर नाही, आणि त्यासाठी तोंडाने काही बोलायचीही गरज नाही. आपली पुढची चाल करायची, घड्याळ दाबायचं. झाला नकार. हवं तर ‘मला खेळायचं आहे’ असं म्हणायचं. आणि त्या माणसाने तिला का विचारलं असेल, हेही तिच्याशी बोला. राजा मध्ये अडकलेला आणि समोर दोन उंट. त्याला ती स्थिती आवडत नव्हती. वरचा खेळाडू सोळाव्या चालीला बरोबरी देतो, तेव्हा त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

२००४ मध्ये रेक्याविकच्या रॅपिड स्पर्धेत १३ वर्षांचा मॅग्नस कार्लसन गॅरी कास्पारोव्हसमोर पांढरी मोहरी घेऊन बसला होता. कास्पारोव्ह तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर. तो डाव ५२ चालींनंतर बरोबरीत सुटला, आणि मधल्या काळात पोराची स्थिती इतकी चांगली होती की अडचणीत कास्पारोव्ह होता. मुलाचं घड्याळ कमी पडलं आणि फायदा निसटला. दुसरा डाव कास्पारोव्हने जिंकला. तिला हा डाव दाखवा, सगळाच्या सगळा. माजी जगज्जेत्यासमोर बसलेला एक मुलगा चांगली स्थिती आल्यावर थांबत नाही, खेळत राहतो, हे तिने स्वतः पाहू दे.

बाकी तिच्या बरोबरीने काही वाईट झालेलं नाही. १८ वर्षांखालच्या, २३०० च्या आतल्या खेळाडूंचा गुणक ४० असतो. ३६० च्या फरकावर तिला १६ गुण मिळाले असतील, त्याचे मात्र २० च्या गुणकाने आठच गेले. प्रशिक्षकांची नाराजी मला पटते, पण ती त्यांनी तिच्यासमोर दाखवायला नको होती. ते चिडले की तिला पुढच्या वेळी पटावरच्या राजाऐवजी त्यांचा चेहरा दिसेल.

त्यापेक्षा हे करा. सोळाव्या चालीची ती स्थिती घरी लावा. तिच्याकडे तीच मोहरी, समोर तिची एखादी मैत्रीण किंवा प्रशिक्षक, दोघांना अर्धा-अर्धा तास. तिथून पुढे डाव खेळू दे. एकदा झाला की पुन्हा लावा आणि दुसऱ्या बाजूने खेळू दे, म्हणजे राजा मध्ये अडकलेला असताना कसं वाटतं ते तिला कळेल. दोन्ही डावांच्या चाली तिच्या हाताने लिहिलेल्या मला पाठवा. मी त्या पाहून तिला, म्हणजे थेट तिच्याच नावाने, उत्तर लिहीन.